नाण्यावरची नदी, नाण्यावरचा घोडा

खानदेशात सोनं म्हटलं की जळगावचा सराफ बाजार आठवतो, आणि जुन्या दागिन्यांत पुतळ्यांची, म्हणजे नाण्यासारख्या सोन्याच्या चकत्यांची, माळ. आजीच्या माळेतली एक पुतळी मी लहानपणी कितीदा तरी नखाने चाचपली आहे. दोन उभ्या आकृत्या, मध्ये एक काठी, कडेला काही काड्या. घरात सगळे त्यांना राम-सीता म्हणत.

हे चित्र मूळचं व्हेनिसचं. तिथलं डुकाट हे सोन्याचं नाणं १२८४ पासून पाचशे वर्षं जवळजवळ त्याच रूपात पडत राहिलं. त्यावर संत मार्क उभा आहे, त्याच्यापुढे व्हेनिसचा प्रमुख गुडघे टेकून ध्वज स्वीकारतो आहे. व्यापारातून हे नाणं आपल्या किनाऱ्याला लागलं, सोनारांनी त्यावरून ठसे कोरले, मग त्या ठशांवरून आणखी ठसे झाले. मूळ नाण्यावर अंगरख्याच्या चुण्या खाली ओघळतात आणि गुडघे टेकलेला माणूस पुढे झुकलेला असतो. नकलेची नक्कल होता होता चुण्यांच्या सरळ रेघा झाल्या, लॅटिन अक्षरांच्या काड्या झाल्या आणि झुकलेला माणूस ताठ उभा राहिला. गुजरात-माळव्यातल्या गधैया नाण्यांचंही असंच झालं. इराणच्या सासानी राजाचा चेहरा आणि अग्निवेदी पिढ्यान्‌पिढ्या कोरता कोरता ठिपके आणि रेघा उरल्या. पुतळीतली माया कमी झाली नाही, पण नकलेत सगळ्यात आधी हरवली ती हालचाल.

ही हालचाल नाण्यावर येते कशी, हे समजायला आपल्याच मुलखातलं एक चिन्ह पुरेसं आहे. सातवाहन आणि पश्चिम क्षत्रपांच्या नाण्यांवर तीन कमानींची टेकडी असते आणि तिच्या पायथ्याशी एक नागमोडी रेघ. अभ्यासक या रेघेला सहसा नदी मानतात. नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या तेरा हजारांवर नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारला होता. हरलेल्या राजाच्या गालावरून, कपाळावरून ही टेकडी आणि ही नदी उमटली आहे. तापीकाठी वाढलेल्या माणसाला ती रेघ ओळखायला कुणी शिकवावं लागत नाही. ना मासा, ना होडी, ना काठ. नजर एका टोकाला लागली की दुसऱ्या टोकापर्यंत थांबत नाही, इतकंच. माझ्या मते नाण्यावरच्या गतीचं सगळं मर्म या रेघेत आहे.

दुसरी गती खुद्द धातूची. ठसा आदळतो तेव्हा चकतीतला धातू मधून कडेकडे सरकतो, ठशाच्या खोलगट भागांत शिरतो. या सरकण्यामुळे ठशावर केसाएवढ्या बारीक रेषा पडत जातात आणि त्या नाण्यावर उमटतात. कोरं नाणं उजेडात तिरपं करून हळूहळू फिरवा. चाकाचे आरे फिरावेत तशी चमक त्यावर फिरते. घासून लख्ख केलेल्या नाण्यावर ती दिसत नाही, म्हणून जाणकार जुनं नाणं कधी घासत नाहीत.

ग्रीकांना हे दोन्ही साधलं होतं. सिसिली बेटावरच्या सिराक्यूज या ग्रीक शहराची ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकाच्या अखेरची मोठी चांदीची नाणी पाहावीत. चार घोड्यांचा रथ दौडतो आहे, घोड्यांचे पाय एकमेकांत गुंतलेत, वरून विजयदेवता सारथ्यासाठी हार घेऊन उडत येते आहे. हे सगळं तळहाताच्या खळग्यात मावणाऱ्या चकतीवर.

खानदेशच्या वाट्याला आलेलं सर्वांत देखणं नाणं मात्र स्थिर पक्ष्याचं आहे. जानेवारी १६०१ मध्ये अकबराने खानदेशच्या फारुकी सुलतानांकडून असीरगड घेतला. बऱ्हाणपूर-असीर आज मध्य प्रदेशात आहेत, पण जुन्या खानदेशची राजधानी तीच. त्या विजयाची सोन्याची मोहर असीरच्या टांकसाळीत पडली, अकबराच्या स्वतःच्या इलाही सनाचं ४५वं वर्ष, महिना इस्फंदारमुझ. तिच्यावर ससाणा आहे. तो उडत नाही, झडप घालत नाही, नुसता उभा आहे. तरी आता उडेल असं वाटत राहतं. एरवी मोगल नाण्यांवर चित्रं क्वचितच, सारा ओघ अक्षरांत. फारसी अक्षरांचे लांब झोके एका ओळीतून दुसरीत शिरतात. पुढे होळकरांच्या चांदवडला पडलेल्या चांदोरी रुपयांवरही बादशहाच्याच नावाची अक्षरं होती. हातोड्याच्या त्या काळात ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे, म्हणून अक्षर कडेला येऊन तुटतं. काहींना तो दोष वाटतो. मला ती ओळ नाण्याबाहेरही चालू राहिल्यासारखी दिसते.

कंपनी सरकारने १८३५ मध्ये एकसारखा यंत्राचा रुपया आणला, त्यावर चौथ्या विल्यमचं डोकं. मग राणीछाप आला. काठ सारखे, वजन चोख, थप्पी सरळ लागणारी. पण थप्पी लागायची तर चित्राचा उठाव कडेपेक्षा खाली हवा, आणि एकाच दाबात छाप पडायची तर उठाव फार नको. उठलेल्या भागात धातू दोन्ही बाजूंनी ओढला जातो. एका बाजूला फार उंच चित्र असलं तर मागच्या बाजूला धातू कमी पडतो. चुण्या, पंख, दौडणारे पाय हे सगळं याच हिशोबात अडकलं.

अमेरिकेत हा झगडा उघड झाला. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टला ग्रीक नाण्यांचा उठाव हवा होता, म्हणून त्याने शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्सला बोलावलं. १९०७ च्या वीस डॉलरच्या सोन्याच्या नाण्यावर स्वातंत्र्यदेवता समोरून चालत येते, वस्त्र वाऱ्यावर आहे. सर्वांत उंच उठावाच्या चाचणी नाण्यांना नऊपर्यंत दाब द्यावे लागले. चलनासाठी शेवटी उठाव बराच खाली आणला. सेंट-गॉडन्स त्याच वर्षी वारला.

फ्रान्समध्ये ऑस्कर रोटी या कलाकाराने १८९७ मध्ये जास्त शहाणी वाट काढली. त्याची पेरणारी बाई उथळ उठावातच चालते. उंचीचं काम त्याने कडेच्या रेषेवर सोपवलं. खांद्याला बियांची झोळी, मागे गेलेला हात, पाठीमागे उडणारे केस. खळ्यावर उफणायला उभा राहणारा आपला माणूस लगेच म्हणेल, की वारा समोरून असताना कुणी बी फेकतं का? पण तोच वारा काढला तर चित्र थांबेल. फ्रँक संपून युरो आला तरी १०, २० आणि ५० सेंटच्या नव्या नाण्यांवर ती २०२४ पर्यंत चालत राहिली.

आपल्याकडे १९४६-४७ च्या निकेलच्या नाण्यांवर, राजाच्या डोक्याच्या उलट बाजूला, वाघ आला. १५ ऑगस्ट १९५० ला प्रजासत्ताकाची नाणी निघाली, तेव्हा रुपयावरच्या वाघाची जागा गव्हाच्या ओंब्यांनी घेतली, आण्यावर बैल आला आणि सर्वांत कमी किमतीच्या नाण्यावर, एका पैशावर, घोडा. सारनाथच्या स्तंभशीर्षावर बैल आणि दौडता घोडा दोन्ही आहेत. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली. नव्या पैशावर आकडा आणि तो रुपयाचा शंभरावा भाग आहे हे सांगणारा मजकूर बसवायचा होता, घोड्याला जागा उरली नाही.

तसला एक पैसा आजीच्या डब्यात पुतळीशेजारीच निघाला. इतका झिजलेला, की खूर गेलेत, डोळा गेलाय, साल अंदाजानेच वाचावं लागतं. मानेपासून पाठीवरून शेपटीपर्यंतची एक रेघ तेवढी आहे. नातवाला दाखवला, तर तो म्हणाला, "घोडा पळतोय."