महारोहिणीची खाटेलगतची सोनोग्राफी

हृदयातून निघणाऱ्या मुख्य रोहिणीचा (महारोहिणी किंवा महाधमनी, डॉक्टरांच्या बोलण्यात ‘एऑर्टा’) फुगवटा (विस्फार) अथवा तिच्या भित्तीचे विदारण (आतला थर फाटून थर सुटे होणे) यांचा संशय आल्यास रुग्णाला खाटेवरून न हलवता करावयाची श्राव्यातीत तपासणी.

रुग्णाला उताणे निजवून वक्र प्रोब (अंगावर टेकवावयाचा यंत्राचा भाग) उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) टोकाखालून बेंबीपर्यंत आडवा सरकवतात. कण्याची चकाकती कमान आणि तिच्यामागची काळी सावली ही खूण. कमानीच्या लगेच पुढे, रुग्णाच्या डाव्या अंगाला ठोके देणारे वर्तुळ ती महारोहिणी. उजवीकडची, दाबल्यावर चेपणारी ती अधोमहानीला (शरीराच्या खालच्या भागातील रक्त हृदयाकडे नेणारी मोठी नीला). आतड्यातील वायू आड आल्यास प्रोब नेटाने दाबून धरतात. माप बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत घ्यावयाचे. आतील गुठळी वगळून घेतल्यास ते फसवे लहान येते. ३ सेंमी. वा अधिक व्यास म्हणजे विस्फार.

विदारणाचे (‘डिसेक्शन’) पहिले वर्णन कोणाचे, याबद्दल एकमत नाही. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज १७६० मध्ये वारला. त्याचा वैद्य फ्रँक निकोल्स याला त्याच्या शवविच्छेदनात परिहृद्-पिशवी (हृदयाभोवतीचे आवरण) रक्ताने भरलेली व महारोहिणी आतून फाटलेली आढळली. काही अभ्यासक स्विस शल्यविशारद मोनवार (१८०२) याच्याकडे झुकतात; मात्र ‘विदारक विस्फार’ ही संज्ञा रूढ झाली ती फ्रेंच वैद्य लाएनेक (१८१९) याच्यामुळे, असे मानणे अधिक सयुक्तिक. संज्ञा तशी दिशाभूल करणारीच, कारण विदारणात फुगवटा असतोच असे नाही. पोटातील विस्फार ध्वनीने दाखविण्याचा मान सामान्यतः ग्लासगोच्या इयान डोनाल्ड व टॉम ब्राउन यांना (१९६१) दिला जातो.

पोटातील विस्फार ओळखण्यात ही तपासणी अत्यंत विश्वसनीय आहे. फुटलेल्या विस्फाराचे पाठीमागे साचलेले रक्त मात्र तीत अनेकदा दिसत नाही. फुटणाऱ्या विस्फाराची कळ मुतखड्यासारखी भासू शकते; म्हणून उतारवयात पहिल्यांदाच ‘मुतखड्याची कळ’ आल्यास आधी महारोहिणी पाहावी, हा नियम. विदारणात आतल्या थराचा फडफडणारा पापुद्रा दिसला तर निदान जवळजवळ पक्के. न दिसल्यास काहीच सिद्ध होत नाही, सी.टी. अँजिओग्राफी (रंगद्रव्य टोचून रक्तवाहिन्यांचे सी.टी. स्कॅन) करावीच लागते.

ठाणे व नवी मुंबईत, राज्यात इतरत्र असतो तसाच, सोनोग्राफीच्या खोलीबाहेर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ हा फलक असतो. तातडीच्या विभागातील यंत्रही गर्भलिंग निदानास मनाई करणाऱ्या त्याच १९९४ च्या कायद्याखाली, महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे नोंदवावे लागते. ते पोटदुखीच्या वृद्धावरच वापरले जाते, ही सबब चालत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनुसार हलते यंत्र नोंदणीच्या जागेत दाखल रुग्णांसाठी किंवा फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणूनच वापरता येते. त्यामुळे घोडबंदर रस्त्यावरील रुग्णालयातले यंत्र उचलून शेजारच्या इमारतीतील घरी नेता येत नाही. रुग्णालाच यंत्रापाशी आणावे लागते.