पॅड दान केले तर खटला होतो?

अमेरिकेतले दुकानदार जुनं कारण सांगतात: उरलेले सॅनिटरी पॅड संस्थेला दिले आणि कुणाला त्रास झाला, तर खटला आमच्यावर. ही भीती फुगवलेली आहे. दान देणाऱ्याला अशा खटल्यापासून वाचवणारा १९९६ चा बिल इमर्सन गुड समॅरिटन कायदा फक्त अन्नापुरता नाही. किराणा दुकानातल्या खाद्येतर वस्तू, म्हणजे वापरून फेकायच्या कागदी-प्लास्टिक वस्तू, डिटर्जंट, किरकोळ घरगुती सामानही त्यात येतं. पॅडचं नाव मात्र कायद्यात नाही, शंकेला जागा उरते ती तेवढीच. चांगल्या हेतूने, गरजूंना वाटण्यासाठी ना-नफा संस्थेला द्यायचं. खोका चेपलेला चालतो; दर्जाचे आणि लेबलचे नियम पाळलेले हवेत. घोर निष्काळजीपणा केला, तर हे कवच मिळत नाही, आणि ते योग्यच आहे.