तीस मीटर खालचा एप्रिल

मे महिन्यात ज्यांनी गावच्या विहिरीत सूर मारला आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. वरचं पाणी कोमट असतं, जवळजवळ अंगाच्याच उबेचं. सुराच्या जोरात पुरुषभर खाली गेलं, की एकदम गारठा झोंबतो. वरून खाली जाताना पाणी हळूहळू थंड होत जाईल असं वाटतं, पण तसं होत नाही. कोमट पाणी संपतं आणि गार पाणी सुरू होतं. आजी आम्हाला बजावायची, "खालच्या पाण्यात फार वेळ राहू नका रे, पेटके येतात."

त्या खालच्या पाण्याची आठवण मला कॅनडात आली. टोरोंटोच्या उत्तरेला गाडीने तासाभरावर लेक सिम्को आहे. ७२२ चौरस किलोमीटरचा हा तलाव सरासरी जेमतेम १५ मीटर खोल. पण त्याचा पश्चिमेकडचा चिंचोळा फाटा, बॅरी शहराला लागून असलेला केम्पेनफेल्ट उपसागर, ४१ मीटरपर्यंत खाली जातो. जुलैतली सकाळ होती. काठावर पोरं डुंबत होती. बोटीवरच्या पडद्यावर पाण्याचं तापमान २३ अंश दिसत होतं. मित्राने लेक ट्राउट नावाचा मासा गरवायला बोट उभी केली, पांढऱ्या रबरी मासोळीत रोवलेला शिशाचा गळ पाण्यात सोडला आणि रिळावरची दोरी सुटू दिली. दोरी सुटतच राहिली. "तीस मीटर खाली," तो म्हणाला, "अजून एप्रिल चालू आहे."

हे शब्दशः खरं आहे. बहुतेक पदार्थ थंड होतील तसे जड होत जातात. पाणी मात्र ४ अंश सेल्सिअसला सर्वात जड असतं, त्याहून थंड झालं की पुन्हा हलकं होऊ लागतं. गोठल्यावर तर ते आणखी हलकं होतं, म्हणून बर्फ वर तरंगतो. वसंतात बर्फ वितळला की तलावाचं सगळं पाणी वरपासून खालपर्यंत ४ अंशांच्या आसपास येतं आणि वारा ते सहज घुसळून काढतो. मग ऊन वाढतं, वरचं पाणी तापतं आणि हलकं होऊन वरच राहतं. यात आणखी एक बारकावा आहे, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. पाणी ४ अंशांवरून ९ अंशांवर गेलं तर एका घनमीटरमागे त्याचं वजन सुमारे २०० ग्रॅमने घटतं. तेच २० वरून २५ अंशांवर गेलं तर जवळपास १,१५० ग्रॅमने घटतं. दोन्ही वेळा फरक पाचच अंशांचा, पण परिणाम सहापट. त्यामुळे पाणी एकदा चांगलं तापलं की वरचा थर खालच्यात मिसळवणं वाऱ्याच्या आवाक्याबाहेर जातं. दोन थरांच्या मधल्या पट्ट्यात काही मीटरांतच तापमान झपाट्याने घसरतं. त्या पट्ट्याला थर्मोक्लाइन म्हणतात. विहिरीत आमच्या अंगाला झोंबायची ती हीच.

लेक ट्राउट या माशाचा सगळा उन्हाळा त्या पट्ट्याखाली जातो. नावात ट्राउट असलं तरी तो खरा ट्राउट नाही, 'चार' नावाच्या गटातला आहे. ओळखायची खूण सोपी: ब्राउन किंवा रेनबो ट्राउटच्या फिकट अंगावर गडद ठिपके असतात, चारच्या गडद अंगावर फिकट. शास्त्रीय नाव साल्व्हेलिनस नमायकुश. त्यातला 'नमायकुश' हा शब्द उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषांतून आला आहे. हा मासा त्याच उत्तरेकडचा: अलास्का, कॅनडा, पंचमहासरोवरं. त्याला साधारण १० अंशांचं पाणी मानवतं. वाढ अगदी सावकाश. अंडी घालण्याच्या वयाला यायलाच सहा-सात वर्षं, थंड तलावांत त्याहूनही जास्त लागतात, आणि वीस वर्षं जगलेला मासा ही नवलाची गोष्ट नाही. १९६१ मध्ये अथाबास्का सरोवरात जाळ्यात सापडलेल्या एका लेक ट्राउटचं वजन १०२ पौंड, म्हणजे ४६ किलो भरलं होतं.

वसंतात हा मासा काठाजवळही फिरतो, तेव्हा तो कुठेही भेटतो. उन्हाळ्यात त्याची जागा जवळजवळ ठरून जाते, आणि सरळ खाली गळ सोडून गरवण्याची पद्धत, म्हणजे जिगिंग, त्यावरच उभी आहे. बोटीमागे आमिषं ओढत मैलोन् मैल फिरण्यापेक्षा मासा शोधायचा, बरोबर त्याच्या डोक्यावर यायचं आणि दोरी ओळंब्यासारखी खाली सोडायची. गवंड्याचा ओळंबा डोळ्यांपुढे आणा. दोरी तिरकी झाली की सगळं बिघडतं. वाऱ्याने बोट सरकली तर गळ माशाजवळून लांब जातो आणि पडद्यावरूनही नाहीसा होतो. म्हणून आता बोटींना उपग्रहाच्या मदतीने एकाच जागी उभी ठेवणारी विजेची मोटर लावतात.

पडद्यावर जे दिसतं ते आवाजाचं चित्र असतं. बोटीच्या तळाला बसवलेलं यंत्र माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाचे ठोके खाली सोडतं आणि परत येणारा प्रतिध्वनी टिपतं. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण साडेचौदाशे मीटर धावतो, म्हणजे तीस मीटर खाली जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा साधारण चोविसावा भाग पुरतो. आवाज शंकूसारखा पसरतो. शंकूचा कोन २० अंशांचा असेल तर तीस मीटरवर तो साडेदहा मीटर रुंद होतो, त्यामुळे पडद्यावर दिसणारा मासा बरोबर खालीच असेल असं नाही. आणि मासा मुळात दिसतो तो त्याच्या मांसामुळे नव्हे. मांस घनतेने पाण्याच्या जवळचंच, त्यातून आवाज बराचसा आरपार जातो. आवाज परततो तो पोटातल्या हवेच्या पिशवीवरून, वाताशयावरून. पालघरच्या किनाऱ्यावर घोळ माशाची जी पिशवी भोत म्हणून लाखमोलाने विकली जाते, तीच ही पिशवी.

त्या सकाळी पडद्यावर तळाची जाड पट्टी होती आणि तिच्या वर एक बारीक तिरकी रेघ उतरत होती, आमचाच गळ. वीस-पंचवीस ग्रॅमचा तो तुकडाही स्वच्छ दिसत होता. तो तळाला टेकला, चिखलाचा ढग उडाला असणार. मित्राने गळाची कांब दोन हात उचलली आणि गळ पुन्हा पडू दिला. रबरी मासोळी सरळ पडत नाही, गिरक्या घेत, मरतुकड्या माशासारखी पडते, आणि बहुतेक झडपा या पडण्यातच येतात. तिसऱ्या-चौथ्या वेळी तळाच्या पट्टीपासून एक जाड रेघ सुटी झाली आणि आमच्या रेघेकडे वर चढू लागली. इथे माझ्यासारखा नवखा माणूस थांबला असता. मित्राने उलट जोरजोरात रीळ फिरवायला सुरुवात केली. सिस्को, स्मेल्ट यांसारखे लहान मासे शिकारी दिसला की पळतात, थांबून वाट बघत नाहीत. न पळणारी मासोळी ट्राउटला संशयास्पद वाटत असावी. दोन्ही रेघा शेजारी शेजारी चढत गेल्या, २५ मीटर, २०, १८, आणि तिथे एकमेकींत मिसळल्या. कांब वाकली.

दोरी इथे विणलेली लागते. नायलॉनची दोरी रबरासारखी ताणते, आणि तीस मीटर दोरीत एवढी ढील असेल तर खालच्या झडपेचा हिसका हातापर्यंत पोचतच नाही. विणलेली दोरी ताणत नाही. तिच्या टोकाला दीड-दोन मीटर पारदर्शक दोरी जोडतात. रंगही उगाच पांढरा नसतो. पाणी सूर्यप्रकाशातला तांबडा भाग आधी गिळतं, तीस मीटरवर उरतो तो हिरवा-निळा अंधूक उजेड. त्यात लाल मासोळी काळपट दिसते आणि पांढरी उठून दिसते.

मासा अर्ध्या वाटेवर असताना बोटीशेजारी बुडबुडे येऊ लागले. मला वाटलं बोटीतूनच काहीतरी गळतंय. ते माशाचे बुडबुडे होते. तीस मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो. तिथून वर येताना पिशवीतली हवा चौपट फुगायला बघते. पर्च, वॉलआय या माशांत ती पिशवी बंद असते. रक्तातून हवा हळूहळू आत-बाहेर होते, त्याला तास लागतात. खोलातून झटकन वर आणलेल्या अशा माशाचं जठर कधी कधी तोंडातून बाहेर येतं. लेक ट्राउटच्या पिशवीपासून अन्ननलिकेपर्यंत एक बारीक नळी असते. दाब कमी झाला की तो चक्क ढेकर देऊन हवा सोडतो. ती हवा माशाच्या आधी वर पोचते.

म्हणून तो खोलातून येऊनही तगतो, पण हा अर्धाच दिलासा आहे. खरा धोका वरच्या कोमट पाण्याचा. आठ अंशांत राहणारा, झुंजून दमलेला मासा २३ अंशांच्या पाण्यात येतो. तिथे त्याच्या शरीराला प्राणवायू जास्त लागतो आणि पाण्यात तो कमी असतो: १० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ११ मिलिग्रॅम मावतो, २५ अंशांना सव्वाआठ. सोडून द्यायचा मासा बोटीत घेऊन फोटो काढत बसणं मला मुळीच पटत नाही. मित्राने तो जाळीत, पाण्यातच ठेवला, चिमट्याने गळ काढला आणि डोकं खाली करून त्याला जोरात खाली सोडलं, म्हणजे गरम थर तो एका झटक्यात पार करेल. अंगठ्याजवळून ती खोल दुभंगलेली शेपटी गेली. ऐन उन्हाळ्यात, सोडून द्यायच्या हिशेबाने एकामागून एक मासे वर काढू नयेत, एक-दोन खाण्यापुरते धरावेत आणि आवरावं, असं माझं ठाम मत आहे.

गरम पाणी हे या माशाच्या घराचं छप्पर. जमीनही आहे, आणि ती वर सरकते. थर्मोक्लाइन एकदा बसली की खालच्या पाण्याचा हवेशी संबंध तुटतो. वसंतात घुसळताना जेवढा प्राणवायू आत गेला, तेवढीच उन्हाळ्याची बेगमी. वरच्या उजेडात वाढलेलं शेवाळ मरून खाली पडत राहतं, जिवाणू ते कुजवतात आणि प्राणवायू खर्च करतात. तळ आधी रिकामा होतो. ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत वरून उष्णता आणि खालून प्राणवायूची टंचाई अशा चिमटीत मासा सापडतो.

लेक सिम्कोत नेमकं हेच झालं. भोवतालची शेती, वाढती गावं, सांडपाणी यांतून फॉस्फरस तलावात येत गेला, शेवाळ माजलं, खोल पाण्यातला प्राणवायू उन्हाळ्याअखेर इतका कमी होऊ लागला की लेक ट्राउटची पिल्लं जगेनात. तिथला नैसर्गिक वंश जवळजवळ थांबला. उबवणीतली पिल्लं सोडून मासा टिकवावा लागला. ओंटारिओ प्रांताच्या सरकारने २००८ मध्ये या एका तलावासाठी स्वतंत्र कायदा केला आणि २००९ च्या आराखड्यात खोल पाण्यातल्या प्राणवायूचं लक्ष्य लिहून टाकलं: लिटरला ७ मिलिग्रॅम. एका माशाच्या श्वासावरून तलावाचं आरोग्य ठरवायचं, हे मला फार योग्य वाटतं. उबवणीतल्या पिल्लांचा एखादा पर कापून खूण केलेली असते. म्हणून मित्राने मासा सोडण्याआधी एकच गोष्ट निरखून पाहिली होती. सगळे पर शाबूत होते. तलावातच जन्मलेला मासा.

हवामान बदलाचा फटका या माशाला कसा बसतो, त्याचं उत्तर ओंटारिओच्या वायव्येकडच्या जंगलातून आलं आहे. तिथले काही लहान तलाव १९६८ पासून केवळ प्रयोगांसाठी राखून ठेवले आहेत. ट्राउटच्या शरीरात आवाज सोडणारे छोटे बिल्ले बसवून शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं त्यांच्या हालचाली नोंदवल्या. वसंत लवकर तापला की काठाजवळ जाऊन भरपेट लहान मासे खाण्याचे दिवस कमी होतात. मासा लवकर खोलात उतरतो, तिथल्या बारीकसारीक जिवांवर गुजराण करतो, आणि त्या वर्षी त्याची वाढ खुंटते. मासा मरत नाही, त्याचं जेवण कमी होतं.

हीच खोली दुसरीकडे घातक ठरते. अमेरिकेतल्या यलोस्टोन सरोवरात हा मासा मूळचा नाही. १९९४ मध्ये तो तिथे सापडला आणि त्याने स्थानिक कटथ्रोट ट्राउटचा फडशा पाडला. कटथ्रोट ओढ्यांत चढून अंडी घालतो, तिथे अस्वलं आणि गरुड त्याच्यावर जगत. लेक ट्राउट खोलात राहतो, तो त्यांच्या हाती लागत नाही. तिथे तो पकडला तर सोडायला बंदी आहे, आणि राष्ट्रीय उद्यानवाले दरवर्षी जाळी लावून त्याला काढतात.

सिम्कोत सप्टेंबरनंतर वरचं पाणी निवत जातं. एक दिवस वरचं आणि खालचं पाणी सारख्याच वजनाचं होतं, वारा सुटतो आणि तलाव पुन्हा तळापर्यंत घुसळला जातो. तेव्हा ट्राउट स्वतःहून वर येतात, रात्रीच्या वेळी, काठाजवळच्या दगडगोट्यांवर. घरटं करत नाहीत. अंडी दगडांच्या फटींत पडतात आणि बर्फाखाली हिवाळा काढतात. वसंतात बोटाच्या पेराएवढी पिल्लं फटींतून बाहेर येतात, आणि वरचं पाणी तापू लागलं की ती खालच्या पाण्याकडे उतरू लागतात.