कामगार कपातीचा निकाल विरोधात गेला आणि मुदतही उलटली: नागपूर खंडपीठात विलंब माफीचा अर्ज कसा करायचा

हिंगणा, बुटीबोरी किंवा कळमेश्वरच्या कारखान्यातून एका फटक्यात शे-दीडशे माणसं कमी होतात, प्रकरण वर्षानुवर्षं चालतं आणि शेवटी निकाल विरोधात लागतो. तोवर निम्मे कामगार काटोल-रामटेककडे गावी परतलेले असतात, काही बालाघाट-छिंदवाड्याला. निकालाची बातमी सगळ्यांपर्यंत पोचेपर्यंत अपिलाचे दिवस संपलेले असतात. अशा वेळी विलंब माफीचा अर्ज करता येतो. तो दयेचा अर्ज नाही. नोकरी गेली, घर कसं चालवायचं, हे सगळं खरं असलं तरी त्यावर विलंब माफ होत नाही. विलंब माफ होतो तारखांवर आणि त्या तारखांमागच्या कागदांवर.

आधी बघा, मुदत आहे तरी का

निकालपत्राचं पहिलं पान उघडा. निकाल कोणत्या न्यायालयाचा आणि कोणत्या कायद्याखालचा, यावर पुढचं सगळं ठरतं.

कामगार न्यायालयाचा निकाल महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा कायद्याखाली असेल, तर पुढची पायरी औद्योगिक न्यायालय. तिथे कलम ४४ खाली रिव्हिजन (निकाल वरच्या न्यायालयाने तपासावा असा अर्ज) करतात आणि उशीर झाला असेल तर त्याचं कारण सोबतच द्यावं लागतं. (याच कायद्यात मूळ तक्रारीसाठी कलम २८ मध्ये ९० दिवस दिले आहेत. पुरेसं कारण दाखवलं तर तीही उशिरा घेता येते. पण ती मुदत तक्रारीची आहे, निकालाला आव्हान देण्याची नाही. या दोन गोष्टींची गल्लत फार होते.)

औद्योगिक न्यायालयाचा निकाल असेल किंवा औद्योगिक विवाद कायद्याखालचा निवाडा असेल, तर त्यावर अपीलच नाही. मार्ग एकच, उच्च न्यायालयात रिट याचिका, राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ आणि २२७ खाली. नागपूरच्या कामगारांसाठी ती सिव्हिल लाईन्समधल्या नागपूर खंडपीठात. रिटला दिवसांची ठरलेली मुदत नाही, म्हणून विलंब माफीचा वेगळा अर्जही लागत नाही. याचा अर्थ कितीही थांबलं तरी चालतं असा मात्र नाही. अकारण उशीर दिसला तर न्यायालय तेवढ्यावर याचिका फेटाळू शकतं, म्हणून उशिराचा खुलासा याचिकेतच स्वतंत्र परिच्छेदात लिहायचा.

दिवसांचं खरं गणित त्यानंतर सुरू होतं. एक-सदस्यीय पीठाने रिट फेटाळली तर द्विसदस्यीय पीठापुढे लेटर्स पेटंट अपील, मुदत ३० दिवस. उच्च न्यायालयाच्या अंतिम निकालावर सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका, मुदत ९० दिवस. या दोन्ही ठिकाणी उशीर झाला तर मुदत कायदा, १९६३ च्या कलम ५ चा अर्ज लागतो.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात अनुभवी माणसंही पडतात. रिटवरचा आदेश केवळ अनुच्छेद २२७ च्या देखरेखीच्या अधिकारातला असेल, तर लेटर्स पेटंट अपील चालतच नाही, थेट सर्वोच्च न्यायालय. अनुच्छेद २२६ चा, म्हणजे रिट काढण्याचा अधिकार वापरला असेल तर चालतं. याचिकेच्या मथळ्यावर दोन्ही अनुच्छेद असतात, त्यामुळे मथळा बघून कळत नाही. याचिकेत काय मागितलं होतं आणि न्यायाधीशांनी प्रत्यक्षात कोणता अधिकार वापरला, हे वकिलाकडून आधी तपासून घ्या. चुकीच्या दारावर वर्ष गेलं तर तेही पुढे विलंबाचं कारण म्हणून मांडता येतं (मुदत कायद्याच्या कलम १४ चं तत्त्व). मात्र तो काळ प्रामाणिकपणे आणि नेटाने प्रकरण चालवण्यात गेला, हे दाखवावं लागतं.

नव्या कायद्याबद्दल थोडक्यात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी घेण्याची कामगारसंख्या १०० वरून ३०० वर गेली. तुमचा निकाल १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कपातीविषयीच्या कलम २५-एफ किंवा २५-एन खाली झाला असेल, तर अर्जातही तीच कलमं येतील. व्हॉट्सॲपवर फिरणारे नव्या संहितेचे आकडे त्यात घालू नका.

उशीर नेमका किती दिवसांचा

अर्जाच्या मागणीत ‘५२ दिवसांचा विलंब माफ करावा’ असा नेमका आकडा लिहावा लागतो. हा आकडा चुकला की न्यायालयाचं कार्यालय त्रुटी काढतं आणि फाईल तिथेच अडते.

उदाहरण घ्या. एक-सदस्यीय पीठाचा निकाल १ जुलैला. निकालाचा दिवस धरायचा नाही, म्हणजे ३० वा दिवस ३१ जुलै. प्रमाणित नकलेसाठी ८ जुलैला अर्ज केला, नक्कल २२ जुलैला तयार झाली. हे १५ दिवस मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे वगळायचे, म्हणून मुदत संपते १५ ऑगस्टला. त्या दिवशी सुट्टी. पुढच्या कामकाजाच्या दिवशी अपील दाखल केलं असतं तर ते मुदतीत धरलं गेलं असतं (कलम ४). पण दाखल झालं ६ ऑक्टोबरला. आता सुट्टीचा फायदा संपला, मोजणी १६ ऑगस्टपासून: ऑगस्टचे १६, सप्टेंबरचे ३०, ऑक्टोबरचे ६, एकूण ५२ दिवस.

या तारखा नकलेच्या शेवटच्या पानावरच्या शिक्क्यात असतात: अर्ज केव्हा आला, नक्कल केव्हा तयार झाली, केव्हा दिली. वगळायचा काळ अर्जापासून नक्कल तयार होईपर्यंतचा. तयार नक्कल तुम्ही वीस दिवस उचललीच नाही, तर ते वीस दिवस तुमच्या खात्यात. नकलेचा अर्जच मुदत संपल्यावर केला, तर वगळायला काहीच उरत नाही. आणि संकेतस्थळावरून उतरवलेली निकालाची प्रत म्हणजे प्रमाणित नक्कल नव्हे. निकाल लागल्याच्या आठवड्यात नकलेचा अर्ज टाकून ठेवणं हा यातला सगळ्यात स्वस्त उपाय, पुढे अपील करायचं की नाही हे ठरलेलं नसलं तरी.

कंपनीशी सुरू असलेली बोलणी, मंत्र्यांना दिलेलं निवेदन, संविधान चौकातलं धरणं, यांपैकी कशानेही घड्याळ थांबत नाही. पुनर्विलोकनाचा (त्याच न्यायालयाने निकाल पुन्हा तपासावा असा) अर्ज केला म्हणून अपिलाचे दिवस थांबतात, हाही गैरसमजच.

खुलासा कसा लिहायचा

‘पुरेसं कारण’ म्हणजे काय याची यादी कायद्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ च्या कातिजी प्रकरणात सांगितलं की रोजच्या रोजचा हिशेब मागताना अतिरेक नको, आणि १९९८ च्या एन. बालकृष्णन प्रकरणात सांगितलं की विलंब किती लांब यापेक्षा खुलासा पटण्याजोगा आहे का हे महत्त्वाचं. हे दोन निकाल जवळपास प्रत्येक अर्जात असतात आणि समोरचा वकील तितक्याच सहज कडक निकाल काढतो. निकालांची जंत्री लावून विलंब माफ होत नाही.

अर्ज इंग्रजीतच तयार होईल. पण वकिलाकडे जाण्याआधी मराठीत एक साधा तक्ता करा: या तारखेपासून त्या तारखेपर्यंत काय घडलं आणि त्याचा कागद कोणता. सुरुवात निकालाच्या दिवसापासून करा, मुदत संपल्यापासून नको, कारण मुदतीतले दिवसही कसे गेले हे विचारलं जातं. तक्त्यात कुठे पंधरा-वीस दिवसांची मोकळी जागा दिसली, तर सुनावणीत बोट नेमकं तिथेच पडणार.

‘अर्जदार आजारी असल्याने व आर्थिक अडचणीमुळे वेळेत अपील करू शकला नाही’ हे वाक्य हजारो अर्जांत सापडेल आणि त्याला काही वजन नाही. त्याऐवजी: ‘अर्जदार क्रमांक ३ हे ११ ऑगस्ट ते २९ ऑगस्ट मेडिकलमध्ये भरती होते, डिस्चार्ज कार्ड सोबत जोडले आहे. त्यानंतर तीन आठवडे डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती, तो कागद सोबत आहे. २२ सप्टेंबरला त्यांनी विधी सेवा उपसमितीकडे मोफत वकिलासाठी अर्ज केला, पोच सोबत आहे.’ मेडिकल असो की मेयो (नागपूरची दोन सरकारी रुग्णालयं), ओपीडीची एक चिठ्ठी पुरत नाही. भरतीची आणि डिस्चार्जची तारीख असलेला कागद लागतो. आणि आजारपण मुदत संपण्याआधी सुरू झालेलं असावं. मुदत गेल्यावर महिनाभराने पाय मोडला, तर त्याने आधीचा महिना भरून निघत नाही.

वकिलाने कळवलंच नाही, हे कारण चालतं, पण जपून. पक्षकाराने स्वतः काय केलं हा प्रश्न लगेच येतो. फोन, मेसेज, पत्र, काहीतरी दाखवावं लागतं. प्रकरणाची स्थिती ई-कोर्टच्या संकेतस्थळावर दिसते, त्यामुळे ‘निकाल लागल्याचं समजलंच नाही’ हे आता पूर्वीइतकं सहज पटत नाही. कायदा माहीत नव्हता, हे कारण लिहूच नका. गरिबी हे एकटं कारणही कमकुवत. विधी सेवेकडे अर्ज केल्याची पोच जोडली की त्याच कारणाला बळ येतं.

शंभर जणांचं प्रकरण, एकच प्रतिज्ञापत्र

सामूहिक कपातीच्या प्रकरणांत अर्ज इथेच घसरतो. युनियनचे सचिव एक प्रतिज्ञापत्र करतात, ‘सर्व कामगार विखुरले गेल्याने उशीर झाला.’ कुठे विखुरले, केव्हा, त्यांना गोळा करायला कोणी काय केलं, हे कुठेच नसतं.

मूळ प्रकरणात युनियनच पक्षकार असेल तर अपील युनियनने करावं आणि कार्यकारिणीचा तारखेसह ठराव, सभेचा वृत्तान्त, सभासदांना पाठवलेल्या पत्रांच्या पोस्टाच्या पावत्या जोडाव्यात. परत आलेली पाकिटं फेकू नका. ‘पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा असलेलं पाकीट म्हणजे कामगार विखुरल्याचा तुमच्याकडचा सर्वांत चांगला पुरावा. युनियनने हात झटकले आणि काही कामगारांना स्वतः पुढे जायचं असेल, तर निकालात त्यांची नावं पक्षकार म्हणून नसतात. त्यांना विलंब माफीसोबत अपील करण्याच्या परवानगीचाही अर्ज द्यावा लागतो. कामगार स्वतःच्या नावाने पक्षकार असतील, तर ज्यांची कारणं वेगळी त्यांची प्रतिज्ञापत्रं वेगळी. प्रतिज्ञापत्र इंग्रजीत असेल तर मजकूर मराठीत समजावून सांगितल्याचा शेरा त्याखाली हवा. कामगाराची सही मराठीत आणि मजकूर इंग्रजीत असताना तो शेरा नसला की हरकत येते.

हिशेबाचा चेक घेतलेल्यांनी ते अर्जात लपवू नये. ‘फुल अँड फायनल’च्या पावतीवर निषेध नोंदवून सही केली होती की बिनशर्त, हे कंपनी पहिल्याच तारखेला काढणार आहे.

आणि एक गट हमखास असतो: आधी खर्च नको म्हणून गप्प बसलेला, मग सोबतचे दहा जण वर जिंकल्यावर धावत आलेला. अशा कुंपणावर बसलेल्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचं धोरण २०१४ च्या अरविंदकुमार श्रीवास्तव प्रकरणापासून स्पष्ट आहे. दुसरे जिंकले, हे उशिराचं कारण ठरत नाही.

कागद आणि दाखल करणं

अपिलाचा मेमो, निकालाची प्रमाणित नकल, विलंब माफीचा अर्ज, त्याचं प्रतिज्ञापत्र, खुलाशाचे कागद, वकीलपत्र, कोर्ट फी. विलंबाचा अर्ज अपिलासोबतच जातो, ‘नंतर देऊ’ चालत नाही. जिंकलेल्या कंपनीने कॅव्हेट (आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये, अशी आगाऊ नोंद) टाकलेली असण्याची शक्यता मोठी. ती तपासा आणि असल्यास प्रत आधी त्यांच्या वकिलाला द्या. दाखल केल्यावर आधी स्टॅम्प नंबर, म्हणजे तात्पुरता क्रमांक मिळतो. कार्यालयाने काढलेल्या त्रुटी दिलेल्या वेळेत दूर केल्या नाहीत, तर विलंबावर सुनावणी होण्याआधीच अपील निकाली निघू शकतं. गरीब पक्षकारांची कितीतरी अपिलं गुणदोषावर नव्हे, तर या त्रुटींवर संपतात. दर आठवड्याला क्रमांक टाकून स्थिती बघत जा.

आधी विलंबावर सुनावणी होते, कंपनीला नोटीस निघते. विलंब माफ झाला की अपिलाला नियमित क्रमांक मिळतो. तोवर स्थगितीच्या भरवशावर राहू नका. कारखान्याची यंत्रं हलवली जात असतील, तर ते अर्जात ठळकपणे लिहून तातडीची सुनावणी मागा. न्यायालय विलंब माफ करताना खर्च लावू शकतं, किंवा उशिराच्या काळाचा पगार मागायचा नाही अशी अटही घालू शकतं. त्या काळाच्या पगारावर पाणी सोडायची तयारी असेल, तर वकिलाला ते आधीच सांगून ठेवा.

वकिलाच्या फीवाचून अडलं असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ चं कलम १२ वाचा. औद्योगिक कामगार ही त्यात मोफत मदतीची स्वतंत्र पात्रता आहे, तिला उत्पन्नाची अट नाही. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींनाही तसंच. अर्ज नागपूर खंडपीठाच्या उच्च न्यायालय विधी सेवा उपसमितीकडे करायचा. सोबत ओळखपत्र, कंपनीचं नियुक्तिपत्र किंवा पगारपत्रक आणि निकालाची प्रत द्या. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, तिच्यावरची तारीख पुढे खुलाशाच्या तक्त्यात लागणार आहे.