हप्ता संपला म्हणजे गाडी फुकट पळते का? हप्ता आणि घसारा यातला गोंधळ

स्वतःचा ट्रक स्वतः चालवणारे बरेच जण खर्चाच्या वहीत डिझेल, टोल, टायर, विमा, ऑइल सगळं लिहितात आणि शेवटी एक ओळ टाकतात, हप्ता. मग ज्या महिन्यात शेवटचा हप्ता जातो त्या महिन्यापासून ती ओळ खोडली जाते आणि वाटतं चला, आता गाडी फक्त डिझेलवर पळणार. मीपण तेच केलं होतं. ओळ खोडली, भाडं खाली आणलं, दोन वर्षं भरपूर खेपा मारल्या आणि नंतर गाडी बदलायची वेळ आली तेव्हा कळलं की डाउन पेमेंटलासुद्धा पैसे नाहीत आणि जुनी गाडी विकून येतंय ते पुरत नाही. पैसे गेले कुठे? कमी भाड्यात वाटून टाकले होते, दुसरं काय.

हप्ता हा कर्जाचा व्यवहार आहे. त्यात थोडी मुद्दल असते, थोडं व्याज. घसारा म्हणजे गाडीची किंमत जी दर किलोमीटरला, दर वर्षाला झिजत जाते ती. बँकेला गाडी किती झिजली याच्याशी देणंघेणं नाही आणि गाडीलाही तुमचं कर्ज फिटलंय की नाही हे माहीत नसतं. रोख घेतलेली गाडीसुद्धा तेवढीच झिजते की, तिला तर हप्ताच नाही!

आता आकड्यात बघू. गाडीची किंमत १०० भाग धरा, म्हणजे चलन कुठलंही असो हिशोब तोच. २० भाग खिशातून, ८० भाग कर्ज, घटत्या शिलकीवर वर्षाला १० टक्के व्याज, ४८ महिने. महिन्याचा हप्ता साधारण २.०३ भाग येतो. पहिल्याच हप्त्यात ०.६७ व्याज असतं म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा, शेवटच्या हप्त्यात व्याज नावापुरतं. चार वर्षांत एकूण ९७.४ भाग भरले, त्यातले १७.४ व्याजाचे. गाडी सहा वर्षं चालवली, वर्षाला १ लाख किलोमीटर, आणि ४० भागाला विकली. म्हणजे ६० भाग झिजले, दर लाख किलोमीटरला १०.

वहीत हप्ता लिहिणाऱ्याला पहिली चार वर्षं दर लाख किलोमीटरला २४.४ भाग खर्च दिसतो, म्हणून तो चांगली भाडीही परवडत नाहीत असं समजून सोडतो, आणि पुढची दोन वर्षं शून्य दिसतो म्हणून मिळेल त्या भाड्याला निघतो. खरा खर्च काय? झीज ६० अधिक व्याज १७.४, भागिले सहा, म्हणजे १२.९. उलटा ताळा करून बघा, खिशातून गेले २० अधिक ९७.४, विकून आले ४०, उरले ७७.४. तोच आकडा.

काही जण जास्तच सावध असतात, ते हप्ता पण धरतात आणि घसारा पण. मग पहिल्या चार वर्षांत ३४.४ येतात आणि कुठलंच भाडं परवडत नाही. मुद्दल म्हणजे गाडीचीच किंमत, तीच घसाऱ्यात आलेली असते, तिला दोनदा मोजायचं नाही. घसाऱ्याबरोबर फक्त व्याज धरायचं.

असाच डबल घोळ टायरमध्ये होतो. नवी गाडी टायरसकट येते, तुम्ही टायरचा दर किलोमीटर खर्च वेगळा काढत असाल तर घसारा काढताना किमतीतून पहिल्या सेटचे पैसे वजा करा. आणि कराच्या कागदांवरचा घसारा वेगळाच असतो, तो नियमातल्या टक्क्यांनी काढतात, बाजारात गाडीला काय येईल याच्याशी त्याचा संबंध नाही. तो आकडा भाडं ठरवायला वापरू नका.

मग हप्ता बिनकामाचा का? अजिबात नाही. भाडं परवडतं का हे घसारा सांगतो, पण येत्या तारखेला खात्यात पैसे असतील का हे हप्ताच सांगतो. वरच्याच उदाहरणात पहिली चार वर्षं हप्ते वर्षाला २४.४ आणि खरा खर्च त्याच चार वर्षांतलं व्याज धरून १४.४ पडतो (१२.९ ही सहा वर्षांची सरासरी), मधले १० भाग गाडीतली तुमची मालकी वाढवतात पण खिशातून मात्र आत्ताच जातात. त्यामुळे फायद्यात असूनही माणूस हप्त्याला अडकू शकतो, आणि हे फार वेळा होतं.

मी आता वहीत दोन पानं ठेवतो. एका पानावर दर किलोमीटर खर्च, तिथे हप्त्याचा ह पण नाही. दुसऱ्यावर तारखा आणि रोकड. हप्ते संपले त्या महिन्यापासून घसाऱ्याएवढी रक्कम झालेल्या किलोमीटरप्रमाणे वेगळ्या खात्यात टाकतो, गाडी महिनाभर उभी राहिली तरी थोडी टाकतोच, कारण उभ्या गाडीचंही वय वाढतं.