फसव्या व्हिडिओ लिंक

व्हिडिओचे आमिष दाखवून फोनचा ताबा, खात्याचा पासवर्ड किंवा बँकेतले पैसे लाटण्यासाठी पाठवलेला दुवा म्हणजे फसवी व्हिडिओ लिंक. कोकणात तिची सोपी वाट म्हणजे वाडीचा, भावकीचा किंवा देवस्थानचा व्हॉट्सॲप ग्रुप. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धनजवळ निसर्ग चक्रीवादळ धडकले, २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले. अशा वेळी घरचा फोन लागत नसला की मुंबईतला चाकरमानी गावचा मिळेल तो व्हिडिओ उघडतो. आमिष याच काळजीवर आणि कुतूहलावर बेतलेले असते : घाटात दरड, बागेत बिबट्या, जत्रेचे थेट दर्शन. ‘या व्हिडिओत तूच आहेस ना?’ हे त्यांतले जुने आणि अजूनही चालणारे.

लिंक उघडल्यावर बहुधा तीनपैकी एक गोष्ट घडते. पहिल्या प्रकारात फेसबुक किंवा गूगलसारखे दिसणारे पान लॉगिन मागते. भरलेला पासवर्ड थेट ठगाकडे जातो. दुसऱ्यात मोबाइल नंबर विचारून आठ अक्षरी कोड दाखवतात आणि तो व्हॉट्सॲपमध्ये टाकायला सांगतात. त्याने ठगाचे यंत्र तुमच्या व्हॉट्सॲपला जोडले जाते. तिसरा प्रकार अँड्रॉइड फोनवरचा आणि सर्वांत महाग पडणारा. व्हिडिओ नुसता गोल फिरत राहतो आणि ‘प्लेअर’ उतरवून घ्या अशी सूचना येते. डोंगराआडच्या वाडीत माणूस दोष रेंजला देतो आणि बटण दाबतो. उतरते ती एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरला वगळून फोनवर ॲप बसवणारी फाइल. तिला एसएमएस वाचायची परवानगी मिळाली की ओटीपी परस्पर ठगाकडे जातात. पुढे तीच लिंक तुमच्या नावाने ओळखीच्यांना जाते. म्हणून पाठवणारा ओळखीचा आहे, एवढ्यावर लिंकची खात्री धरता येत नाही.

ओळखण्यासाठी पत्ता वाचावा. सुरुवातीच्या दुहेरी तिरक्या रेघेनंतर येणारी पहिली एकेरी तिरकी रेघ शोधायची आणि तिथून डावीकडे वाचत जायचे. खरा मालक तिला चिकटून असतो. ‘यूट्यूब डॉट कॉम डॉट गावव्हिडिओ डॉट टॉप’ यात यूट्यूब नुसते शोभेला आहे. लिंकसोबत दिसणारे चित्र ते संकेतस्थळच ठरवते आणि पत्त्याजवळची कुलपाची खूण फक्त तुमचा फोन आणि ते संकेतस्थळ यांच्या मधली वाट बंदिस्त असल्याचे सांगते, त्यामुळे दोन्ही पुरावा नव्हेत. व्हॉट्सॲपवर थेट पाठवलेला व्हिडिओ तिथल्या तिथे चालतो, त्याला वेगळा प्लेअर लागत नाही. दुहेरी बाणाची खूण असेल तर संदेश किमान पाच हातांतून फिरून आला आहे. सगळ्यांत खात्रीचा उपाय मात्र जुनाच : पाठवणाऱ्याला फोन करून ‘हे तूच पाठवलंस ना?’ म्हणून विचारणे. दरड किंवा पुराची खातरजमा जिल्हा आपत्ती कक्षाच्या १०७७ क्रमांकावर होते.

ॲप बसलेच असेल तर आधी विमान मोड लावावा, सिम काढावे आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला व १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवावे. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता यावेत म्हणून इथे मिनिटे मोजली जातात. उद्या बँकेत जाऊन बघू म्हणणे परवडत नाही. पासवर्डही दुसऱ्या यंत्रावरूनच बदलावेत. फोनमधून ॲप काढताना बटण दबत नसेल, तर त्याने ‘डिव्हाइस ॲडमिन’ किंवा ‘ॲक्सेसिबिलिटी’ हा फोनवर ताबा देणारा अधिकार घेतलेला असतो, तो सेटिंग्जमधून आधी बंद करावा, तेही न जमल्यास फोन फॅक्टरी रीसेट करावा, म्हणजे सगळे पुसून कोरा करावा. नंतर व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधली अनोळखी यंत्रे काढून व्हॉट्सॲपच्या दुहेरी पडताळणीचा (टू-स्टेप व्हेरिफिकेशन) सहा अंकी पिन लावावा. ग्रुपमधली लिंक ॲडमिनला सर्वांसाठी पुसता येते. पुसण्यापूर्वी तक्रारीसाठी स्क्रीनशॉट घ्यावा. तोतयेगिरी करून अशी फसवणूक करणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.