खुलासा: सीमाभागाच्या अभ्यासाची साधनं फक्त पुण्या-मुंबईत नाहीत

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं एम.ए.चा प्रबंध हाती घेतात, तेव्हा कुणीतरी हमखास सांगतं, "सीमाभागाची साधनं पुण्या-मुंबईलाच. इथं काय मिळणार?" हे खरं नाही. या समजापायी चांगले विषय सोडून दिले जातात, याचं फार वाईट वाटतं.

खरी अडचण अंतराची नाही, तर कुठल्या राज्याच्या नावाखाली शोधायचं याची आहे. बेळगाव जिल्हा १९५६पर्यंत मुंबई राज्यात होता, मग म्हैसूर राज्यात गेला, आणि त्याच राज्याचं नाव पुढे कर्नाटक झालं. त्यामुळे १९५१ची जनगणना मुंबईच्या खंडांत सापडते, १९६१ आणि १९७१ची म्हैसूरच्या, तर पुढची कर्नाटकाच्या. फक्त 'कर्नाटक' टाकून शोधलं, की जुनं सगळं निसटतं. गावनिहाय आकडे हवे असतील तर जिल्हा जनगणना पुस्तिका मागा. १८८४चा बेळगाव गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) मुंबई इलाख्याच्या मालिकेत २१वा खंड आहे.

पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात, त्यासाठी कुठल्याही विद्यापीठाचा पासवर्ड लागत नाही. प्रबंधाच्या शेवटची संदर्भसूची आधी वाचा, पुढची निम्मी वाट तिथंच दिसते. जेस्टोरसारख्या ऑनलाइन संग्रहातले संशोधन-लेख मात्र बहुतेकदा विद्यापीठाच्या वर्गणीतून मिळतात, म्हणून राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या ग्रंथपालांना भेटून बाहेरून लॉगिन मिळतं का, हे विचाराच. पुस्तक तिथं नसलं, तर दुसऱ्या ग्रंथालयातून मागवता येईल का, हेही विचारा.

मराठी साधनांसाठी कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ जवळ आहे.